इगतपुरीच्या लाल मातीत मोकळं स्फुरद (फॉस्फरस) कमी, मग भाताच्या मुळ्या ते मिळवतात कसं?

‘पान काळपट हिरवं आहे, म्हणजे भाताला काही कमी नाही’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. स्फुरद कमी पडलेलं पान नेमकं तसंच दिसतं: काळपट, अरुंद, ताठ. फुटवे मोजके. लोक त्यावर युरिया फोकतात आणि रोप आहे तिथंच राहतं.

इगतपुरी-त्र्यंबकच्या लाल, आम्ल मातीत स्फुरद असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला बांधून ठेवतात. नत्र पाण्याबरोबर मुळीपर्यंत येतं, स्फुरद जवळजवळ जागचं हलत नाही. मुळीलगतची एक-दोन मिलिमीटर माती रिकामी झाली की मुळीलाच पुढं सरकावं लागतं. म्हणून भात वरच्या थरात बारीक उपमुळ्या पसरवतो, मूलरोम लांबवतो. त्याचा खर्च रोपाच्या वरच्या भागातून निघतो. मुळीत स्ट्रिगोलॅक्टोन हे संप्रेरक वाढतं आणि फुटव्यांचे डोळे दबून राहतात. जुन्या पानांतलं स्फुरद नव्या पानांना जातं.

वाणावाणांत फरक आहेच. ‘कसालथ’ या जुन्या भातात पीएसटीओएल१ हे जनुक २०१२ साली ओळखलं गेलं; ते कोवळ्या रोपाच्या मुळ्या भराभर वाढवतं. आयआर ६४ या सुधारित वाणात ते नाही.

खाचरात पाणी साचलं की हवा तुटते, लोह विरघळतं आणि बांधलेलं स्फुरद सुटतं. आवणीनंतर (रोपं खाचरात लावल्यावर) पावसानं ओढ दिली, खाचर भेगाळलं, की पुन्हा कुलूप.

सुपर फॉस्फेट वरून फोकण्यापेक्षा चारसूत्री पद्धतीनं भात लावा. ओळींत आणि चुडांत (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांत) आळीपाळीनं १५ आणि २५ सेंमी अंतर ठेवा. १५ बाय १५ च्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी गोळी ७ ते १० सेंमी खोल दाबा, तीही आवणीच्याच दिवशी. एकरी सुमारे ६८ किलो लागतात. गोळी उथळ राहिली तर नत्र उडून जातं; नंतर चिखल तुडवला तर गोळी जागची हलते.

हे लाल मातीचं झालं. निफाड-सिन्नरच्या काळ्या जमिनीत स्फुरदाला चुना बांधतो. माती तपासताना आम्ल मातीला ब्रे पद्धत मागा, काळीला ओल्सेन. आणि स्फुरद अति झालं तर जस्ताची कमतरता दिसू लागते, म्हणून अंदाजानं ओतू नका.

पानावरून वाद घालणाऱ्याला खाचरात न्या. चूड उपटू नका, बारीक मुळ्या तुटतात. खुरप्यानं मातीसकट काढून बादलीत भिजवा, मग धुवा. एक चूड गोळीजवळचा, एक बिनखताचा. दोन्ही शेजारी ठेवा.