भाऊ नैराश्यात आहे, जिवाला धोका आहे हे कसं ओळखू?

ताई, सगळ्यात मोठी खूण म्हणजे आधी केलेला आत्महत्येचा प्रयत्न. तो जुना झाला म्हणून सोडून देऊ नका. "माझं तुम्हाला ओझंच झालंय" असं बोलणं, रात्र रात्र जागणं, दारू वाढणं, आवडतं घड्याळ सहज भाच्याला देऊन टाकणं, ह्याही खुणाच. आणि बरेच दिवस घालमेल होऊन एकाएकी शांत झाला, तर निर्धास्त होऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का रे?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. कीटकनाशकं, जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.