कर्जाची फाईल उघडण्याआधी

नौपाडा, ठाणे

अनेक उत्तम आशीर्वाद.

'काका, कॅनडा, इंग्लंड की जर्मनी?' असं विचारलंस. फी, राहण्याचा खर्च, बाबांच्या फ्लॅटची आजची किंमत, सगळं नीट मांडलं आहेस. शिकायचं काय, ते मात्र अगदी शेवटच्या ओळीत आलंय. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसायचो, तेव्हा बहुतेक फाइली याच क्रमाने यायच्या.

कुठल्या विद्यापीठाकडे परदेशी मुलांचा ओघ आहे, यावरून तिथलं शिकवणं जोखू नकोस. हा ओघ बराचसा व्हिसाचे नियम आणि विद्यापीठाची गरज यांवर ठरतो. इंग्लंडमध्ये स्थानिक मुलांची पदवीची फी सरकारने २०१७ पासून ९,२५० पौंडांवर बांधून ठेवली होती. २०२५ मध्ये ती जेमतेम ९,५३५ झाली. परदेशी मुलांच्या फीला असा लगाम नाही, म्हणून तूट त्यांच्याकडून भरून निघते. राममारुती रोडवर 'मोफत मार्गदर्शन' मिळतं ना, त्याचे पैसेही सहसा विद्यापीठच कमिशन म्हणून देतं.

कॅनडात हेच झालं. ओंटारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली आणि कॉलेजं परदेशी मुलांच्या फीवर चालू लागली. मग घरभाडी भडकली, राजकारण फिरलं. जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर, म्हणजे तिथे शिकायच्या परवान्यांवर, मर्यादा आली, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. खात्यात दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली. नंतर अनेक कॉलेजांनी कोर्सच बंद केले. मुलं आटल्यावर जे बंद करावे लागतात, ते कोर्स मुळात कशासाठी काढले होते, याचा विचार कर.

अमेरिकेत २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ झाले आणि २००९ नंतर पहिल्यांदा आपण चीनच्या पुढे गेलो. इथे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते! पण २०२५ च्या मे महिन्यात व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं काही आठवडे थांबलं.

नियम अर्ज करताना एक असतो आणि पदवी हातात येईपर्यंत दुसरा होतो. इंग्लंडचंच बघ. मास्टर्सनंतर नोकरीसाठी दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळणार. तू २०२६ च्या सप्टेंबरात गेलीस तर त्यातच येशील. पौंडांतल्या पगारावर हप्ता बसवायचा बेत असेल तर तो आजच मोड.

हिशोब असा कर. ४० लाख कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षं: हप्ता सुमारे ४३ हजार. शिक्षणाची आणि नंतरच्या सवलतीची मिळून दोन वर्षं व्याज भरलं नाहीस तर मुद्दल ४८ लाख होते आणि हप्ता साडेएक्कावन्न हजारांवर जातो. आता ऐरोली-महापेतल्या कंपनीत तुझ्या विषयाला सुरुवातीला काय पगार मिळतो ते काढ आणि त्यातून हप्ता वजा कर. उरलेल्यात महिना निघत नसेल तर कर्जाचा आकडा खाली आण.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. मात्र तिथल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि नोकरी हवी तर जर्मन यायला हवं. ते आत्ताच सुरू कर.

आता उलटा प्रवाह. जून २०२५ मध्ये यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था, अशा पाच परदेशी संस्थांना मुंबई-नवी मुंबईत कॅम्पस काढण्यासाठी केंद्राकडून इरादापत्रं, म्हणजे तत्त्वतः संमती, मिळाली. विमानतळाजवळ सिडकोची एज्युसिटी ठरली आहे. घाईने तिकडे जा असं म्हणत नाही. शिकवायला कोण येणार, हे आधी कळू दे. पण स्वतःला एक प्रश्न विचार. तोच अभ्यासक्रम, तीच पदवी इथे नवी मुंबईत, उलव्यात मिळाली, तर घेशील? 'नाही' असं उत्तर आलं तर तुला कोर्स नकोय, व्हिसा हवाय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मग त्या व्हिसाचीच किंमत काढ, आणि तो मध्येच आखडला तर काय, तेही बाबांसमोर बोल.

रविवारी ये. येताना तीन कोर्सेसची विषयवार यादी आण, आणि गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या निदान चार मुलांशी बोलून ये, एजंटने दिलेले नंबर सोडून. फ्लॅटची कागदपत्रं आत्ता आणू नकोस.

तुझा,
काका