सव्वाशेचे टप्पे आणि सवायकी

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याला ‘१२५ च्या टप्प्याने ० पासून २००० पर्यंत संख्या लिहा’ असा गृहपाठ मिळाला होता. तो दर वेळी मागच्या संख्येखाली १२५ मांडून बेरीज करतो. ३७५ नंतर त्याने ४९० लिहिले आणि तिथून पुढचे सगळे चुकत गेले. इतक्या मोठ्या संख्येच्या टप्प्यांतही काही आकृतिबंध असतो का, की प्रत्येक वेळी बेरीजच करायची?
– एक पालक, सातारा

उत्तर : आकृतिबंध आहे, आणि तो आपल्या घरातल्या बोलण्यात आधीपासूनच आहे. आधी मुलाची चूक पाहू. ३७५ मध्ये १२५ मिळवताना पाच आणि पाच दहा झाले, शून्य लिहिले गेले, पण हातचा एक राहून गेला. म्हणून ५०० ऐवजी ४९० आले. पुढे ६१५, ७४०, ८६५, ९९० अशी ओळ तयार झाली. तिच्यातही एकक स्थानी पाच आणि शून्य आलटून पालटून येत राहिले, त्यामुळे ती वरवर पाहता बरोबर वाटते. मुलाच्या नजरेतून चूक सुटली, यात त्याचा दोष मला दिसत नाही. ती पकडण्यासाठी शेवटचे दोन अंक पाहावे लागतात. शून्यापासून सुरुवात केली, तर ते २५, ५०, ७५, ०० एवढेच येऊ शकतात आणि याच क्रमाने फिरत राहतात. ९० त्यात कुठेच बसत नाही.

आता हेच टप्पे अंक न लिहिता मोठ्याने म्हणून पाहा : सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे, सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार. प्रत्येक शब्दातला ‘शे’ काढून टाकला, की सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा हा सवायकीचा पाढा उरतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे) यांच्या बरोबरीने तो पाठ केला होता, आणि घरात असे कोणी असेल तर मुलाने तो त्यांच्याकडून एकदा ऐकावाच. पुढे सव्वाअकराशे, साडेबाराशे, पावणेचौदाशे, दीड हजार असे म्हणत तो दोन हजारांपर्यंत सहज जाईल. हे पाढे मागे पडल्याची मला मनापासून खंत वाटते, कारण १५० च्या टप्प्यांना दिडकी, २५० च्या टप्प्यांना अडीचकी आणि ३५० च्या टप्प्यांना औटकी (साडेतीनचा पाढा) तशीच उपयोगी पडते.

आठव्या टप्प्याला नेमके हजार होतात, ही यातली कळीची गोष्ट आहे. चहापुडीची १२५ ग्रॅमची आठ पाकिटे तराजूत ठेवली, तर एक किलो भरते. म्हणूनच शेवटचे तीन अंक दर आठ टप्प्यांनी पुन्हा तेच येतात. सुरुवात शून्यापासून नसली तरी हे टिकते. ४० पासून निघालो, तर १६५, २९०, ४१५, ५४०, ६६५, ७९०, ९१५ आणि मग १०४० येते, म्हणजे मूळ संख्येपेक्षा बरोबर हजाराने जास्त. मुलाला प्रत्येक आठव्या संख्येशी थांबून एवढे तपासायला सांगा.

टप्पा कोणताही असला, तरी तो आणि १००० यांचा मसावि (महत्तम सामाईक विभाजक) काढून त्याने १००० ला भागले, की शेवटचे तीन अंक किती टप्प्यांनी परत येतील ते कळते. २४० आणि १००० यांचा मसावि ४० आहे, म्हणून तिथे २५ टप्पे लागतात. ९७ चा १००० शी १ खेरीज सामाईक विभाजक नाही, त्यामुळे तिथे पूर्ण १००० टप्पे जावे लागतील. अशा वेळी ही आवृत्ती शोधण्यात अर्थ नसतो. शंभर पुढे जाऊन तीन मागे यावे, म्हणजे ९७, १९४, २९१, ३८८ हे झरझर लिहिता येते.

गृहपाठ झाल्यावर त्याला ३७५ चे टप्पे करायला द्या : ३७५, ७५०, ११२५, १५००, १८७५, २२५०, २६२५, ३०००. शेवटचे तीन अंक पाहिले, तर १२५ च्या वेळी आलेले तेच आठ शेवट इथेही आहेत, फक्त त्यांचा क्रम निराळा आहे. कागदावर एक वर्तुळ काढून त्यावर सारख्या अंतरावर आठ ठिपके द्यावेत आणि त्यांना ओळीने ०००, १२५, २५० असे करत ८७५ पर्यंत नावे द्यावीत. १२५ च्या टप्प्याने ठिपके जोडले, की साधा अष्टकोन होतो. ३७५ च्या टप्प्याने जोडले, तर रेघ दर वेळी दोन ठिपके सोडून तिसऱ्यावर जाते, एकही ठिपका न वगळता आठव्या रेघेला शून्यावर परत येते, आणि कागदावर रांगोळीतली आठ टोकांची चांदणी उमटते.