गच्चीवर सोलर, तरी लिफ्ट बंद?

प्रश्न : काका, गोरेगाव पूर्वेला आमची सात मजली सोसायटी आहे, २८ फ्लॅट. गच्चीवर सोलर बसवायचा ठराव जनरल बॉडीपुढे आणायचाय. निम्मे सभासद म्हणतात, १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली तशी पुन्हा गेली तर निदान आपली लिफ्ट चालेल. खजिनदारांचं म्हणणं, मुंबईची वीज बाहेरून येते, आपल्या चार पॅनेलनी कोणाचं काय भागणार? खरं कोणाचं?
– सोसायटीची सचिव

उत्तर : ताई, दोघांचंही चुकतंय. खजिनदारांचं जरा कमी.

आधी लिफ्ट. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली तेव्हा मी पार्ल्यात आमच्या गच्चीवर होतो, हातात ओलं फडकं, पॅनेलवरची कबुतरांची शिट पुसत. पॅनेलवर ऊन होतं आणि इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लाल झाला. खालून वॉचमन ओरडतोय, ‘साहेब, लिफ्टमधे आजी अडकल्यात, तुमचं सोलर चालू करा ना!’ करता येत नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेली की आपणहून बंद पडतो, तसाच बनवलेला असतो. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच गच्चीवरून शॉक बसायचा. आजींना आम्ही चावीनं दार उघडून काढलं. लिफ्ट हवी असेल तर बॅटरी आणि ग्रिड नसतानाही तिच्यावर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. तोवर जनरेटर भंगारात देऊ नका.

आता खजिनदार. मुंबईची मागणी उन्हाळ्यात ४,००० मेगावॉटच्या वर जाते. हक्काची वीज ट्रॉम्बेच्या केंद्राची, डहाणूच्या केंद्राची (तिथले दोन संच मिळून ५०० मेगावॉट) आणि घाटातल्या जलविद्युत केंद्रांची. उरलेली कळवा, पडघा, खारघरकडच्या तारांवरून येते. त्या दिवशी याच तारा एकामागोमाग गेल्या आणि शहर वेगळं काढून चालू ठेवायची व्यवस्थाही टिकली नाही. २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची लाइन आली, म्हणजे बाहेरची वीज आणायला दार आणखी एक. वीज बाहेरचीच. ट्रॉम्बेत जळणारा कोळसासुद्धा परदेशातून बोटीनं येतो. गंमत अशी, की मुंबईला मोठ्या प्रमाणावर वीज पहिल्यांदा मिळाली ती पावसाच्या पाण्याची : खोपोली १९१५, मग भिवपुरी, मग भिरा. तेव्हा ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्दही कोणी वापरत नव्हतं.

तेव्हा तुम्ही आमच्यासारखे १५ किलोवॉट बसवलेत तरी ते दर्यात खसखस, हे कबूल. पण भर दुपारी एसी चालतात त्याच वेळी ही खसखस हजर असते, आणि तुमच्या गच्चीवर तयार झालेलं युनिट तुमच्याच पंपात जातं, त्याला पडघ्याची तार लागत नाही. संध्याकाळी सातला मात्र शून्य. मीटिंगमध्ये ‘आपण स्वयंपूर्ण होणार’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

खरा फायदा कॉमन मीटरच्या बिलात आहे : लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. आमच्या १५ किलोवॉटनं गेल्या मे महिन्यात १,९०० च्या आसपास युनिटं दिली, जुलैत त्याच्या निम्मीही नाहीत. वर्षभराची बिलं काढून बसा आणि तेवढ्यापुरतंच बसवा. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट धरा, टाकीची आणि लिफ्टरूमची सावली वजा करून. अनुदानाबद्दल एक सांगतो : विकायला येणारा ७८,००० चा आकडा तोंडावर फेकेल. पीएम सूर्यघर योजनेतला तो आकडा स्वतंत्र घरासाठी आहे. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात.

आणि कोबा, गच्चीवरचा पाणी अडवणारा थर! ताई, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. आमच्या कंत्राटदारानं स्ट्रक्चरचे पाय बसवायला गच्चीच्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यात सरळ ड्रिल मारलं. पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात ठिबकायला लागलं. त्यांनी खाली एक पातेलं ठेवलं आणि प्रत्येक कमिटी मीटिंगला ते पातेलं घेऊन यायच्या. कोबा परत करायचा खर्च सोसायटीच्या माथी, कारण करारात वॉटरप्रूफिंगचा शब्द नव्हता. तुम्ही तो शब्द घाला, पाच वर्षांच्या हमीसकट. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करायला सांगा. ठोकळ्यांचं वजन स्लॅब पेलेल का आणि वारा स्ट्रक्चर उचलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं त्या दिवशी मी दुपारभर खिडकीत उभा राहून वरचे आवाज मोजत होतो.

टाकीच्या पूर्वेची पट्टी पापड-कुरडयांसाठी मोकळी ठेवा आणि ते ठरावातच लिहा. आमचा ठराव दोन मीटिंगांत अडला होता तो पैशावरून नाही, वाळवणावरून.