चांदीच्या गोळीची किंमत

प्रिय पोरी,

पटकथा वाचली. सोबतचं लांबलचक पत्रही वाचलं. खरं सांगायचं तर पटकथेपेक्षा पत्र जास्त आवडलं, कारण पत्रात तू कुठेतरी अडली आहेस. पटकथेत कुणीच कुठे अडत नाही. सगळे नुसते उड्या मारतात.

तुझी अडचण मला कळली. एक निर्माता म्हणतो, व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फच्या (म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसांच्या) ॲक्शनपटात कथानक शोधायला कोण येतंय, मारामारी वाढव. तुझा मित्र म्हणतो, कथानक कच्चं आहे, भर घाल. तू दोघांचंही ऐकलंस. छतांवरचा पाठलाग दुप्पट केलास आणि सुरुवातीला चार पानांचं निवेदन जोडलंस: सात घराणी, आठशे वर्षांचं वैर, पहिल्यांदा कोण कुणाला चावलं त्याची वंशावळ. आणि आता मला विचारतेस, अजून काय घालू?

काहीही घालू नकोस. असल्या चित्रपटांची कथानकं पडतात ती मजकूर कमी पडतो म्हणून नाही. मजकूर तर ओसंडून वाहत असतो. करार, भविष्यवाण्या, हरवलेले वारस, प्राचीन रक्त. नसते ती एकच गोष्ट, आणि ती मी या पत्रात इतक्या वेळा सांगणार आहे की तू वैतागशील. तुझ्या राक्षसाचा जो नियम आहे, त्याची किंमत पडद्यावर कोण मोजतंय?

उन्हाचा नियम घे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. दिवसा त्याची ताकद आखडते, एवढंच. ऊन लागलं की व्हॅम्पायर संपतो, हे रूढ केलं १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने. पण तिथे तो संपतो कसा, ते बघ. एलन नावाची बाई त्याला स्वतःचं रक्त पिऊ देते आणि पहाट होईपर्यंत अडकवून ठेवते. ऊन येतं, तो धूर होऊन विरतो, आणि तीही मरते. म्हणजे हा नियम पडद्यावर आला तोच किंमत घेऊन आला.

चांदीने वेअरवुल्फ मरतो, या नियमाचंही तेच. १९४१ चा ‘द वुल्फ मॅन’, कर्ट सिओडमॅकने लिहिलेला. नायक लॅरी चांदीच्या मुठीच्या काठीने एका लांडग्याला मारतो, पण त्या झटापटीत चावा बसतो आणि शाप त्याच्याकडे येतो. शेवटी त्याचा बाप त्याच काठीने समोरच्या जनावराला ठेचतो, आणि ते जनावर बापाच्या डोळ्यांदेखत पुन्हा मुलगा होतं. या चित्रपटात एकही प्राचीन करार नाही. एक काठी आहे आणि ती दोनदा चालते. बापलेकांच्या मध्ये ती काठी कशी आली, एवढंच कथानक. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, अजून ते कुणाला कच्चं वाटत नाही.

आता २००३ च्या ‘अंडरवर्ल्ड’कडे ये. तुझी पटकथा त्याच्याच अंगणात वाढली आहे, हे तूही नाकारणार नाहीस. तिथे ऊन बंदुकीच्या गोळीत भरलेलं आहे, आणि चांदीही गोळीत. दोन्ही बाजूंनी मॅगझिन भरायची आणि झाडत सुटायचं. दिसायला झकास, पण त्या क्षणी नियमाचा दारूगोळा झाला. एलनला जे जीव देऊन करावं लागलं, ते आता चाप ओढून होतं. वाईट याचं वाटतं की त्या चित्रपटाकडे अस्सल किंमत होती. सेलीन या व्हॅम्पायर नायिकेला व्हॅम्पायरांच्या ज्या व्हिक्टरने पोटच्या मुलीसारखं वाढवलं, त्यानेच तिचं कुटुंब मारलेलं असतं. त्याने सोन्या नावाच्या स्वतःच्या मुलीला लांडग्यांच्या ल्युशियनपासून दिवस गेले म्हणून उन्हात जाळलेलं असतं. इतकं सोनं खाणीत असताना आपल्याला ते कळतं कसं? शेवटाकडे एक पात्र सेलीनला सांगून टाकतं म्हणून. आणि दुसऱ्या एकाला चाव्यातून आयत्या आठवणी मिळतात म्हणून. सांगितलेली किंमत ही मोजलेली किंमत नसते, पोरी. तुझी चार पानं निवेदनाची म्हणजे नेमकं हेच.

म्हणूनच मला त्या मालिकेतला २००९ चा भाग, ज्यात जुनी हकिगत दाखवली, जास्त सरळ वाटतो. शेवट आधीच ठाऊक असूनही. तिथे सोन्यावर ऊन पडतं आणि बांधलेला ल्युशियन ते बघतो. बस. अनेकांना हे मत पटत नाही, तुलाही पटणार नाही. पण त्याआधी, २००६ च्या भागात, काय झालं होतं? सेलीनला एक प्राचीन रक्त मिळालं आणि तिला ऊन बाधेनासं झालं. नायिका सोडवली आणि नियम मारला. पुढच्या भागांत तिला नेमकं कशाचं भय उरलं, हे मला कुणी सांगावं. भय गेलं की शत्रू आकाराने वाढवावे लागतात, कारण वाढवायला दुसरं काही शिल्लक राहत नाही.

तू तुझ्या नायिकेला एकोणिसाव्या पानावर जी लस टोचली आहेस ना, तिच्याबद्दल बोलतोय मी.

लस चालते. १९९८ च्या ‘ब्लेड’मध्येही औषध आहे. अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर असलेल्या ब्लेडला ऊन बाधत नाही, चांदी बाधत नाही, फक्त रक्ताची तहान आहे, आणि ती दाबणारं औषध दिवसेंदिवस निकामी होत चाललंय. त्यामुळे शेवटी त्याला ज्या बाईला वाचवायचंय तिचंच रक्त प्यावं लागतं. ती स्वतः देते. आणि सगळं आटोपल्यावर ती कायमचा इलाज देऊ करते, तेव्हा तो नाकारतो, कारण लढाई बाकी आहे आणि इलाज घेतला तर बळ जाईल. बाकीचं कथानक तू पेपर नॅपकिनवर लिहू शकशील. देवाचं पुनरुज्जीवन वगैरे, ते कुणाला आठवतही नाही. पण औषध जसजसं आटतं तसतसा माणूस आवळला जातो, म्हणून तो सगळा पसारा उभा राहतो. तुझी लस काय करते? नायिकेला बळ देते आणि गप्प बसते.

किंमत मोजायची म्हणजे दर वेळी कुणीतरी मेलंच पाहिजे असं मुळीच नाही. शरीरही मोजतं. १९८१ चा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ बघितला नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तो बघ. लख्ख उजेडातल्या खोलीत एका पोराचा हात लांबत जातो, पाठ मोडते, तो ओरडतो, माफी मागतो. रिक बेकरला त्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळालं, आणि स्पर्धेतलं नियमित पारितोषिक म्हणून त्या विभागाचं ते पहिलंच. आजचे लांडगे हवेत उडी मारताना माणूस असतात आणि जमिनीवर टेकताना लांडगा. दुखतच नाही कुणाला. संगणकाने काम सोपं केलं हे मान्य, पण शाप सोपा करायला त्याला कुणी सांगितलं? त्याच चित्रपटात मेलेला मित्र कुजत कुजत परत येतो आणि सांगतो, तू जिवंत आहेस तोवर लांडग्याने मारलेल्या आम्हाला सुटका नाही, तेव्हा स्वतःला संपव. विनोदी प्रसंग आहेत ते, हसू येतं, आणि हसता हसता नियम गळ्याशी येतो. लांडग्याचा नियम लिहावा तर असा.

अजून एक खोड. किंमत मोजायची आणि मग परत करायची. २००४ च्या ‘व्हॅन हेल्सिंग’मध्ये ड्रॅक्युलाला फक्त वेअरवुल्फ मारू शकतो, म्हणून नायकाला स्वतः लांडगा व्हावं लागतं. उत्तम! त्याच अवस्थेत त्याच्या हातून नायिका ॲना मरते. त्याहून उत्तम. तिथे थांबायचं ना? नाही. ढगांत तिचा चेहरा दिसतो, तिचं कुटुंब तिला भेटतं, सगळे समाधानी. आधीच फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, ड्रॅक्युलाच्या तीन बायका, त्यांची पिल्लं, शापित घराणं, एवढी गर्दी. त्या गर्दीतून जी एक खरी गोष्ट हाती लागली होती, तीही शेवटच्या मिनिटांत परत देऊन टाकली. २०१२ मध्ये ‘ट्वायलाइट’च्या अखेरच्या भागाने तर अख्खी लढाई दाखवली, माना तोडल्या, आणि मग म्हणाले, हे घडलंच नाही, हा भविष्याचा आभास होता.

मी आवडत्यांनाही सोडत नाही. कॅथरीन बिगेलोचा १९८७ चा ‘निअर डार्क’ घे. मोटेलच्या खोलीत व्हॅम्पायर अडकलेत, बाहेरून पोलीस गोळीबार करतायत, आणि गोळ्यांनी नाही, तर गोळ्यांनी पाडलेल्या भोकांतून येणाऱ्या उन्हाने ते भाजतायत. ॲक्शन आणि नियम एकाच दोरीत वळलेले. मारामारी की कथानक, हा तुझ्या निर्मात्याचा प्रश्नच त्या एका प्रसंगात निकाली निघतो. आणि तोच चित्रपट शेवटी रक्त बदलून नायक-नायिका दोघांना बरं करून टाकतो. दर वेळी चिडतो मी तिथे.

पैसे नाहीत, म्हणून सांगू नकोस. नील मार्शलच्या २००२ च्या ‘डॉग सोल्जर्स’मध्ये सैनिकांची एक तुकडी, स्कॉटलंडच्या डोंगरातलं एक घर आणि बाहेर लांडगे, इतकाच पसारा. सार्जंटची जखम जरा जास्तच लवकर भरते. तुला कळतं, त्यालाही कळतं. शेवटी तो आपल्या तुकडीतल्या एका पोराला तळघरात ढकलतो आणि गॅस पेटवून घरासकट, लांडग्यांसकट स्वतःला उडवतो. भरणारी जखम हेच संकट. किती स्वस्तात किती मोठी गोष्ट.

तू लिहिलं आहेस की माझ्याबद्दल लोक म्हणतात, हा माणूस एकच पालुपद लावतो. लावतो. एका मोठ्या बैठकीत मी हाच किमतीचा प्रश्न तीनदा विचारला. मला सांगितलं, तत्त्वज्ञान नको, क्लायमॅक्सला लांडगे किती ते बोला. मी उठलो. चित्रपट माझ्याशिवाय झाला आणि त्याने बक्कळ पैसे कमावले, हे मी लपवत नाही. त्यानंतर बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या पटकथांचे सांधे बसवण्यात घालवली, माझी स्वतःची राहिली. त्याची खंत आहे, रात्री कधी कधी टोचते. पण प्रश्न चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. त्या चित्रपटातला एक तरी प्रसंग कुणाला आठवतो का, विचारून बघ. (मला आठवतो, पण तो मी लिहिलेला होता आणि त्यांनी तो चुकून ठेवला.) जाऊ दे. तुझ्या निर्मात्याला हे ऐकवू नकोस, पुढच्या भेटीला बोलावणार नाही.

तर आता तुझं काम. तुझ्या पटकथेत त्रेचाळिसाव्या पानावर एक प्रसंग आहे. लांडगा होणारा भाऊ बहिणीला सांगतो, मला आत कोंड, बाहेरून कडी घाल, आणि रात्री मी काहीही म्हटलं तरी उघडू नकोस. ती कडी घालते. मग तू अर्ध्या पानात सकाळ केलीस, कारण तुला छतावरच्या पाठलागाकडे पळायचं होतं. बाई गं, रात्र कुठे गेली? तो आतून काय म्हणाला? पहिल्यांदा माणसाच्या आवाजात काय म्हणाला, आणि शेवटचा शब्द कोणता, ज्याच्यानंतर शब्द उरले नाहीत? खरंच उघडायला हवं होतं अशी एखादी वेळ त्या रात्रीत आली का? आली असेल आणि तिने तरीही उघडलं नसेल, तर सकाळी तो तिच्याकडे कसा बघतो? आणि तिने उघडलं असेल, तर तुझा पुढचा सगळा सिनेमाच बदलला.

निवेदनाची चार पानं काढ. सात घराण्यांतली पाच काढ, उरलेल्या दोघांचं वैर कशावरून, ते त्या दाराशी कळलं तर ठेव, नाहीतर तेही काढ. लस हवी असेल तर एकच कुपी ठेव आणि ती नायिकेकडे असू दे, दार बंद असताना. पाठलाग मला चालेल, मला पाठलाग आवडतात, फक्त त्या रात्रीनंतर कोण कुणाच्या मागे धावतंय ते तू ठरव. पटकथा अख्खी परत पाठवू नकोस. ती रात्र तेवढी पाठव, कितीही पानं झाली तरी.