फोडणी पडायच्या आधीचं मागा

"चार दिवस सगळी जेवणं बाहेर आहेत. आठ महिन्यांच्या बाळाला काय घालू?" सुट्ट्या आणि पाहुणे जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. स्तनपान आणि वरच्या खाण्याबद्दल मी नाशिकमध्ये समुपदेशन करते. द्राक्षांच्या दिवसांत आलेल्या एका आईची हकिगत सांगते. तिला मेघना म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही थोडे बदलले आहेत.

मेघना इंदिरानगरची, सासर विदर्भातलं. सासूबाई, नणंद आणि नणंदेची मुलं येणार होती. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, वणीचा गड आणि एक सकाळ मिसळीची, असा बेत ठरला होता. तिची तयारीही झाली होती. सकाळी सहाला खिचडी करून मिक्सरला फिरवायची, डब्यांत भरायची आणि दुपारी दोनला भरवायची. ते जमलं नाही तर नणंदेने सुचवलेला पावडरचा डबा आणि बाटली. बाळाने तोवर बाटली तोंडात धरलेली नव्हती. "तो उपाशी तर राहणार नाही ना?" हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

मी खिचडीकडे नंतर वळले. आधी विचारलं, अंगावर किती वेळा पाजतेस? दिवसातून पाच-सहा वेळा, रात्री दोनदा. आणि फिरायला गेल्यावर? ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाहेर सगळ्यांसमोर कसं पाजणार? दिवसा बंदच ठेवावं लागेल. म्हणून तर खाणं जास्त न्यायचंय."

खरी अडचण ही होती. आडोसा मिळणार नाही म्हणून दूध तोडायचं आणि ती भर खिचडीने काढायची, असा तिचा हिशेब होता. पण सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा आईच्या दुधातूनच येतो. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी पुरतात. दोन-तीन वेळा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. म्हणजे तीन-चार दिवस खाणं कमी झालं तरी दूध मागेल तसं मिळालं तर बाळ उपाशी राहत नाही. दूध तोडलं तर मात्र बाळही रडतं आणि आईची छातीही दाटते.

म्हणून पहिलं काम आम्ही नवऱ्याकडे दिलं. गाडी सावलीत लावायची, हॉटेलात भिंतीकडे तोंड करून बसता येईल असं टेबल मागायचं, दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी पाजायला वेळ काढायचा. हे बाईने एकटीने बघायचं काम नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता खिचडी. भातात असे जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पारा 32 अंशांच्या वर गेला तर तासभरच. नाशिकला मार्चच्या दुपारी तो सहज वर जातो. सकाळी सहाची खिचडी दुपारी दोनला द्यायचा प्रश्नच येत नाही.

त्यापेक्षा कोरडं न्यावं. पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून, बारीक दळून, चाळून ठेवायचे. मी तिच्यासमोर स्टीलच्या वाटीत तीन चमचे पूड घेतली, थर्मासमधलं उकळतं पाणी ओतलं आणि वर झाकण ठेवलं. पाच मिनिटांत मऊ लापशी झाली. त्यात केळं कुस्करलं. चमच्यावरून ओघळत नव्हती, इतकी घट्ट. पातळ पाण्यासारखं दिलं तर पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही.

आणि हॉटेलात काय मागायचं? आपण मेनूकार्डात बाळाचा पदार्थ शोधतो आणि तो नसतो. पण प्रत्येक स्वयंपाकघरात फोडणी पडायच्या आधीचं काहीतरी असतंच. थाळीच्या ठिकाणी साधं वरण, मिसळीच्या ठिकाणी उकडलेला बटाटा आणि कट न घातलेली, बोटाने चिरडेल इतकी शिजलेली मटकी, इडलीवाल्याकडे वाफाळती इडली. वाफ येत असलेलंच घ्यायचं, आपल्या वाटीत कुस्करायचं आणि निववून द्यायचं. चटणी, कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं नकोत. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर घालू नये, पण हॉटेलच्या वरणात थोडं मीठ गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. गरम पाणी आणि पोह्यांची पूड घालून ते सौम्य होतं.

बाटली आणि डबा मी घरीच ठेवायला सांगितलं. जी बाळं आधीपासून पावडरच्या दुधावर आहेत, त्यांच्यासाठी पाणी उकळून, ते किमान 70 अंश गरम असतानाच त्यात पावडर घालून दर वेळी ताजं दूध करावं, निववून द्यावं आणि दोन तासांत संपलं नाही तर उरलेलं टाकून द्यावं.

दोन गोष्टी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. पहिली, मध नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो. हा विरळा पण जिवावर बेतणारा आजार आहे. देवळात मिळणाऱ्या पंचामृतात मध असतो आणि ते आजीच्या हातून प्रेमाने येतं, म्हणून तिथे भान ठेवावं लागतं. दुसरी, अख्खं द्राक्ष नाही. घशात अडकायला त्याचा आकार अगदी नेमका असतो. साल काढून, उभे चार तुकडे करून, या वयात तर कुस्करूनच द्यावं. चिवड्यातले शेंगदाणेही भाच्यांच्या हातून बाळाच्या तोंडात जाता कामा नयेत.

"सासूबाईंना कसं सांगू?" तिने विचारलं. मी म्हटलं, तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला आधीच फोन करू दे. आणि नुसतं नाही म्हणायचं नाही, काहीतरी सोपवायचं. पंचामृत बाळाच्या कपाळाला लावायचं आजीने, केळं कुस्करून भरवायचंही आजीनेच.

नंतर तिच्याकडून कळलं ते असं. मिसळीच्या ठिकाणी मोकळं अंगण, झोपाळे, गर्दी. बाळाने तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली. "दोन घास तरी घाल गं," असं टेबलाभोवती सुरू झालं, नणंदेने मोबाइल पुढे केला. मेघनाने वाटी बाजूला ठेवली आणि गाडीत जाऊन पाजलं. अर्ध्या तासाने आजीच्या मांडीवर त्याने अर्धं केळं खाल्लं. त्र्यंबकला वेटर म्हणाला, फक्त दाल तडका आहे. नवरा उठून थेट आचाऱ्याकडे गेला, तर वाटीभर शिजलेली डाळ मिळाली, तीही पैसे न घेता. गडावर मात्र दिवसभर दुधाशिवाय काहीच नाही.

प्रवासात जुलाब लागले तर पाजणं सुरूच ठेवून ओआरएस वाटी-चमच्याने थोडंथोडं द्यावं. शौचात रक्त, डोळे खोल जाणं, सहा तास लघवी न होणं, सुस्ती, पिणंच बंद होणं, यातलं एकही दिसलं तर तडक डॉक्टर गाठावा.

घरी आल्यावर काही दिवस बाळ नुसतं दूधच मागेल, तेही चालतं. ठरलेल्या वेळी वाटी समोर ठेवत राहा, जबरदस्ती नको. आठवडाभरात खाणं पूर्वीसारखं झालं नाही किंवा वजन उतरलेलं वाटलं, तर दाखवून घ्या.