मोविडियस या चिप कंपनीचा इतिहास काय आहे? इंटेलने ती का विकत घेतली?

एका वॉटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र वॉटभर विजेत ओळखणाऱ्या चिपसाठी. २०१६ साली एआयची लाट होती म्हणून घेतली, असं सांगतात ते अर्धवट आहे.

शॉन मिचेल आणि डेव्हिड मोलोनी यांनी डब्लिनमध्ये २००५ साली ती काढली. सुरुवातीची वर्षं मोबाइलमधल्या व्हिडिओच्या मागे गेली. मग २०१४ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट टँगोत (आजूबाजूची जागा त्रिमितीत ओळखणाऱ्या फोनचा प्रकल्प) त्यांची मिरियाड चिप बसली, २०१६ मध्ये डीजेआयच्या फँटम ४ ड्रोनमध्ये मिरियाड २. त्याच सप्टेंबरमध्ये इंटेलने खरेदी जाहीर केली.

मिरियाड २ मध्ये बारा छोटे प्रोसेसर आणि त्यांना खेटूनच २ एमबी मेमरी. गणित करण्यापेक्षा डेटाची ने-आण जास्त वीज खाते. ती ने-आणच कमी केली. म्हणून वॉटभरात काम भागतं. हे मला २०१८ मध्ये भोसरीत आमच्या साहेबांना पटवता आलं नाही.

आमच्याकडे बेअरिंगच्या रिंगांवरचे ओरखडे कॅमेऱ्याने पकडायचे होते. मी स्वतःच्या पैशांनी मोविडियसची ७९ डॉलरची यूएसबी स्टिक (आत मिरियाड २ चिप) मागवली, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला लावली, दोन रविवार घालवून डेमो उभा केला. साहेब म्हणाले, "हे खेळणं आहे." आणि ग्राफिक्स कार्डवाला भलामोठा कॉम्प्युटर आला. मशीनशेजारी ठेवला. त्याच्या पंख्यांनी कूलंटचं तेलकट धुकं आत ओढलं, वर धातूची बारीक पूड. चौथ्या महिन्यात बंद. माझ्या स्टिकला पंखाच नव्हता हो! मीटिंगमध्ये हे बोललो, तर "आता ते उकरून काढू नका."

खरं सांगायचं तर स्टिकवर लहान एआय मॉडेलच चालायचं, आणि ओरखडा फारच बारीक असला की माझाही डेमो चुकायचा. पुढे इंटेलने ती स्टिक बंद केली, ओपनव्हिनो या इंटेलच्याच एआय सॉफ्टवेअरच्या २०२३ च्या आवृत्त्यांतून मिरियाडही गेली. म्हणजे आज नवीन कामासाठी घेऊ नका.

पण कॅमेऱ्याचं काही उभारत असाल, तर समोरच्याला आधी विचारा: वीज किती, आणि गरम हवा जाणार कुठे? आमच्या साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.